डाव्या हेडलाइटच्या वर

अकरा वर्षं मी एका पडद्याआड राहिले.
करामा, तिसरा मजला, एका खोलीत सहा बायका,
सहा फूट बाय अडीच माझं गाव.
उशाशी प्लग, पायथ्याशी बॅग,
पडद्यावर हिरवे पोपट. मर्सीने निवडलेले.
मला कधीच आवडले नाहीत.
आकाश नव्हतं असं नाही.
दोन इमारतींच्या मध्ये, लुगड्याच्या काठाएवढं,
आणि त्यातून मिनिटाला एक विमान.
रात्री बाथरूमचा नंबर लागेपर्यंत
मी विमानंच मोजायचे, तारे म्हणून.

मग हैमा.
सरकारी दवाखाना, रक्ततपासणी, एकटीला घर.
मस्कतहून बस निघाली तेव्हा डोंगर होते,
मग टेकड्या,
मग नुसती खडी,
जणू कुणी रस्ता करायला आणून पसरली
आणि ठेकेदार पळून गेला.
ड्रायव्हर म्हणाला, आलं.
मी विचारलं, काय?

पहिल्या रात्री डोळा लागेना.
इतकं आकाश अंगावर घ्यायची सवय नव्हती.
दारं लावली, खिडक्या लावल्या,
तरी ते फटीफटीतून येत राहिलं,
चपला न काढता.
शेवटी बॅगेतून पोपटांचा पडदा काढला,
पलंगाभोवती दोरी बांधून टांगला
आणि आत शिरून गाढ झोपले.
हे मर्सीला अजून सांगितलेलं नाही.

कोथिंबीर मंगळवारी येते.
आली तर.
बुधवारपर्यंत जुडी माझ्याहून दमलेली.
सुट्टीच्या दिवशी बोलायला कोणी नसतं,
म्हणून रविवारी मी सेंट्रीफ्यूजशी बोलते.
ते गरगर फिरतं, सगळं मान्य करतं.
एखाद्या पहाटे समुद्राकडून धुकं चालत येतं,
खडीवर ओल ठेवून जातं,
आणि शेळ्या दगड चाटतात.
पाणी असंही असतं,
हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

मुसल्लम दर पंधरवड्याला साखर तपासायला येतो.
बोट पुढे करतो, तोंड भिंतीकडे.
साठ उंटांचा धनी, सुईला भितो.
परवा म्हणाला, सुहैल आला.
मी रजिस्टरात नाव शोधू लागले.
तो इतका हसला
की पुन्हा टोचावं लागलं.
अगं, तारा आहे तो. पहाटे बघ.
तो दिसला की उन्हाळ्याची कंबर मोडते.

साडेचारला गच्चीवर गेले.
तारे इतके, की ओळखीचा एक सापडेना.
जत्रेत आपलं माणूस सुटावं, तसं झालं.
अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सहा.

अण्णा एस.टी.त कंडक्टर होते.
मुक्कामी गाडीच्या टपावर झोपले, तीस वर्षं,
कुठल्या कुठल्या गावांच्या पाराशेजारी,
पैशांची बॅग उशाला घेऊन.
आता नावं विसरतात.
गावांची आधी गेली,
मग माणसांची.
माझं कधी असतं, कधी नसतं.

फोन वर धरला.
"काळंच दिसतंय," अण्णा म्हणाले.
अण्णा, खूप आहेत, फोनला दिसत नाहीत.
बराच वेळ नुसता श्वास.
मग विचारलं, "गाडीचं तोंड कुठं?"

मी कुठल्याच गाडीवर नव्हते.
तरी वाकून बघितलं. समोर सलालाचा रस्ता,
एक टँकर दिवे लावून दूर चाललेला.
"दक्षिणेला, अण्णा."

"मग डाव्या हेडलाइटच्या वर बघ.
हातभर. फार वर नको.
अगस्ती. एकटाच असेल."

होता.

"दिसला?"
"दिसला."
"मग पड आता थोडी," अण्णा म्हणाले,
"पहिली फेरी साडेपाचची आहे."